लाइव्ह मेटल अल्बममधला कच्चा जोर रेकॉर्डिंगमध्ये कसा पकडायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचा थ्रॅश बँड, दोन गिटार, तीनेकशे माणसं मावतील असा क्लब. मागच्या गिगचं रेकॉर्डिंग मिक्सरच्या मेन आउटवरून, म्हणजे हॉलच्या स्पीकरना जातो त्याच आउटपुटवरून, घेतलं. त्यात गाणारा कानात येऊन ओरडतोय, गिटारी कुठेतरी मागे, आणि पब्लिक जवळजवळ नाहीच. मोटरहेड, आयर्न मेडनच्या जुन्या लाइव्ह अल्बमांत जो जोर आहे तो यात का नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

‘का नाही’ याचं उत्तर सोपं आहे. लहान हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अॅम्प स्वतःच इतके मोठ्याने वाजतात की साउंडवाल्याला ते पीएमध्ये, म्हणजे हॉलच्या स्पीकरमध्ये, फारसे टाकावेच लागत नाहीत. शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प आणि चार स्पीकरचं कॅबिनेट असेल तर गिटार मागच्या भिंतीपर्यंत आपोआप पोहोचते. स्नेअरचं, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडकडणाऱ्या ड्रमचं, तर बोलायलाच नको. मग मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) वर जातात ते गळ्याचे आणि किकचे, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे. म्हणजे मेन आउटमधून तुम्हाला मिळालं ते गाणं नव्हे, त्या खोलीत जे कमी पडत होतं त्याची भरपाई. हॉल जितका लहान, तितकं हे रेकॉर्डिंग वाकडं. साउंडवाल्याला दोष देऊ नका, त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं.

आता तो जोर येतो कुठून, ते आधी ऐकून घ्या. मोटरहेडचा ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ घ्या. नावात लंडनमधलं हॅमरस्मिथ असलं तरी १९८१च्या मार्चमध्ये टेप फिरली ती लीड्स आणि न्यूकॅसलला. निर्माता व्हिक मेल. जूनमध्ये अल्बम आला आणि ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात खोल बास शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. गाणारा आणि बासवाला लेमी रिकनबॅकर बास मार्शल अॅम्पमधून, मधल्या पट्ट्या पुढे काढून, कॉर्ड धरून ऱ्हिदम गिटारसारखा वाजवायचा. त्यामुळे गिटारवाला एडी क्लार्क सोलो घेतो तेव्हा खाली भोक पडत नाही. तीनच माणसं, पण सगळी जागा भरलेली. ही मिक्सिंगची करामत नाही, वाजवण्याची मांडणी आहे. तुमच्या बँडमध्येही एक गिटार सोलोला गेली की दुसरी गिटार आणि बास मिळून ती जागा भरतात का, हे तालमीतच तपासा. रेकॉर्डिंगनंतर ते सुधारत नाही.

दुसरा अल्बम मेडनचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’, १९८५. विनाइलच्या पहिल्या तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनातल्या, चौथी बाजू ऑक्टोबर १९८४ मधल्या लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची. बँड तोच, दौरा तोच, पण अरीना आणि थिएटर यांतला फरक तिसरी बाजू संपून चौथी सुरू झाली की लगेच कळतो. निर्माता मार्टिन बर्च. याच माणसाने १९७२ च्या ऑगस्टमध्ये डीप पर्पलच्या ओसाका आणि टोकियोच्या तीन रात्री आठ ट्रॅकच्या यंत्रावर टेप केल्या होत्या. त्यातून ‘मेड इन जपान’ झाला. आठ ट्रॅक म्हणजे ड्रमला जेमतेम एक-दोन मिळणार, बाकीचा तोल त्याच रात्री ठरवून टाकायचा, नंतर बदलायची सोयच नाही. आजच्या बत्तीस ट्रॅकच्या सोयीचा सर्वांत मोठा धोका हाच, की सगळे निर्णय नंतरवर ढकलता येतात आणि नंतर प्रत्येक वाद्य एकेकटं घासूनपुसून चकचकीत होतं.

मराठी श्रोत्यांसाठी एक हाताशी असलेला अभ्यास म्हणजे मेडनचाच ‘फ्लाइट ६६६’. त्यातलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, आणि सुरुवातीचं ‘एसेस हाय’ १ फेब्रुवारी २००८ च्या मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातलं. बँड तोच, त्याच मोसमातला. बदलतं ते ठिकाण आणि पब्लिक. हेडफोन लावून फक्त पब्लिककडे लक्ष देऊन पूर्ण अल्बम एकदा ऐका. उघड्या मैदानात आवाज परत फिरून येत नाही, बंद हॉलमध्ये येतो, आणि एवढ्यानेही गाण्याचं वजन बदलतं.

एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. मेहेमच्या ‘लाइव्ह इन लाइपझिग’सारखी रेकॉर्डिंग (नोव्हेंबर १९९० चा कार्यक्रम, १९९३ साली बाहेर आलेला) ऐकून अनेकांना वाटतं की आवाज खराब ठेवला की कच्चेपणा येतो. तो बँड आणि ती रात्र नसेल तर खराब आवाज हा फक्त खराब आवाज असतो. कच्चेपणा येतो तीन गोष्टींतून: एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरणं, म्हणजे ब्लीड, खोली आणि पब्लिक, आणि थोडी पुढे पळणारी लय. तिन्ही गोष्टी त्या रात्रीच पकडाव्या लागतात. नंतर त्या वाढवता येत नाहीत, मारता मात्र सहज येतात.

तर पुढच्या गिगला मेन आउट विसरा आणि प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. तुमच्या बँडसाठी हिशेब असा: किक २, स्नेअर २ (वर आणि खाली), टॉम ३, ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माईक) २, बास २, गिटार प्रत्येकी २ म्हणजे ४, गळे २, पब्लिक ४. एकूण २१. क्लबमध्ये बेहरिंगर एक्स ३२ किंवा मायडास एम ३२ असेल तर एका यूएसबी केबलवर ३२ ट्रॅक थेट लॅपटॉपमध्ये जातात. सिग्नल प्रीअॅम्पनंतर (माईकचा आवाज पहिल्यांदा वाढवणारा भाग) लगेच, इक्यू (स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारा) आणि कम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) यांच्या आधी घ्या. पण लक्षात ठेवा, गेन, म्हणजे प्रीअॅम्प किती वाढवतो ते, साउंडवाल्याचा आणि तुमचा एकच असतो. साउंडवाल्याने तिसऱ्या गाण्यात स्नेअरचा गेन ओढला तर तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही तो ओढला जाणार. साउंड चेक झाल्यावर गेनला हात लावायचा नाही, फक्त फेडर हलवायचे, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्या.

लेव्हल ठेवताना साउंड चेकला सर्वांत मोठा फटका उणे १८ ते उणे १२ डीबीच्या दरम्यान राहू द्या. भीती वाटेल इतकं कमी दिसतं ते, पण २४ बिटमध्ये खालच्या आवाजाने काही बिघडत नाही, आणि पब्लिक समोर आलं की ड्रमर साउंड चेकपेक्षा सहा डीबी जोरात मारतोच. लाल दिवा लागलेला स्नेअर नंतर कोणीही वाचवू शकत नाही.

जागेचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो. २१ ट्रॅक, ७५ मिनिटं म्हणजे सुमारे १४ जीबी. बाहेरची एसएसडी वापरा, वायफाय आणि स्लीप बंद करा, चार्जर लावलेला असू द्या. बँड स्टेजवर यायच्या दहा मिनिटं आधी रेकॉर्ड दाबा आणि शेवटच्या गाण्यानंतर पाच मिनिटं चालू ठेवा. त्या नुसत्या पब्लिकच्या आवाजाची मिक्सिंगला सोन्याइतकी किंमत असते. शिवाय मिक्सरच्या टेबलावर एक छोटा हँडी रेकॉर्डर चालू ठेवा. लॅपटॉप बंद पडला तर तो आधार, आणि न पडला तर त्या रात्री खोलीत नक्की कसं वाजत होतं याचा पुरावा.

क्लबचा मिक्सर अॅनालॉग असेल तर स्प्लिट, म्हणजे प्रत्येक माईकचा सिग्नल दोन ठिकाणी वाटणारा डबा, लागेल. तो ट्रान्सफॉर्मरवाला भाड्याने मिळाला तर उत्तम. साध्या वाय केबलने डायनॅमिक माईक चालून जातात, पण कंडेन्सर माईकना लागणारं ४८ व्होल्ट फँटम एकाच बाजूने द्यायचं. भणभण आली, ५० किंवा १०० हर्ट्झची, तर रेकॉर्डिंगच्या बाजूला ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलची ग्राउंड जोडणी तोडणारं बटण) दाबा. अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून भणभण घालवण्याची जी खोड आपल्याकडे आहे ती कृपा करून करू नका. हातात गिटार आणि ओठाला माईक असताना त्या दोघांत व्होल्टेजचा फरक पडला तर जीव जातो. रेकॉर्डिंगचं सामान आणि स्टेज एकाच फेजवरून, एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डवरून घ्या, निम्मी भणभण तिथेच संपते.

किकसाठी आत उशीवर एक सपाट माईक, बीटा ९१ सारखा, आणि पुढच्या भोकाशी डी ११२ किंवा बीटा ५२. आतला टोक देतो, बाहेरचा पोट देतो. दोन्ही लागतात, आणि त्यामागे गणित आहे. २०० बीपीएमला डबल बासचे सोळावे स्वर म्हणजे सेकंदाला १३ पेक्षा जास्त फटके, दोन फटक्यांत अंतर ७५ मिलिसेकंद. साठ हर्ट्झच्या एका लहरीलाच जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पुढचा फटका येण्याआधी पोटाच्या चार-साडेचार लहरी बसतात. शेपूट त्याहून लांब असेल तर फटके एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. म्हणून किकमध्ये उशी घट्ट भरा, आणि ड्रमरला सांगा की पुढचं कातडं फार सैल ठेवू नकोस. इथे चुकलं तर मिक्सिंगला किक सॅम्पलने बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

स्नेअरच्या खालच्या माईकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करा. ओव्हरहेड दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, दोरीने मोजून.

गिटारवाल्यांशी एक अप्रिय बोलणं करावं लागेल: गेन कमी करा. स्टुडिओत एकच रिफ चारदा वाजवून थर लावलेले असतात, त्यामुळे तिथल्या रेकॉर्डवर ती भिंत उभी राहते. स्टेजवर तेवढा गेन लावला की पाम म्यूटचा (तळहाताने तार दाबून वाजवलेला) ठोका चिरडला जातो आणि उरतो तो माश्यांचा घोंघाट. नॉब सातवर असेल तर पाचवर आणा. कॅबिनेटसमोर एसएम ५७, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटर, स्पीकरच्या मधल्या टोपीची कडा जिथे येते तिथे. दुसऱ्या ट्रॅकवर पेडलच्या आधीचा कोरडा डीआय, म्हणजे गिटारचा थेट सिग्नल, घ्या. केबल तुटली, अॅम्प वेडावला, तरी तो डीआय दुसऱ्या दिवशी अॅम्पमधून परत वाजवता येतो. मिक्समध्ये एक गिटार पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. स्लेयरच्या १९९१ च्या ‘डिकेड ऑफ अॅग्रेशन’मध्ये गिटारवाले हॅनेमन आणि किंग असेच दोन बाजूंना वाटलेले आहेत, आणि दोघांच्या हातातला फरकच त्या अल्बमची रुंदी आहे.

दोन्ही गिटारी केम्पर किंवा क्वाड कॉर्टेक्ससारख्या मॉडेलरमधून, म्हणजे अॅम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल यंत्रातून, थेट पीएत जात असतील, स्टेजवर एकही कॅबिनेट नसेल आणि सगळे इन-इअर लावून असतील, तर रेकॉर्डिंग स्वच्छ येईल आणि निर्जीवही. ओव्हरहेडमध्ये गिटारचा कणही नसतो, त्यामुळे ड्रम आणि गिटार दोन वेगळ्या खोल्यांत वाजल्यासारखे वाटतात. अशा वेळी मॉडेलरचं आउटपुट दोन कॅबिनेटना देऊन ती ड्रमच्या दोन बाजूंना उभी करा. हे मुद्दाम घातलेलं ब्लीड आहे, आणि फार कामाला येतं.

गाणारा माईकची जाळी मुठीत धरतो का? धरत असेल तर कार्डिऑइड, म्हणजे फक्त समोरचं ऐकणाऱ्या, माईकच्या मागच्या फटी बंद होतात आणि तो चहूबाजूंनी ऐकू लागतो. मॉनिटर शिट्टी मारतो, सिम्बल गळ्यापेक्षा मोठे येतात, आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. नंतर आठशे ते दीड हजार हर्ट्झच्या आसपास कापून थोडं सावरतं, पण थोडंच. तालमीत त्याला हात खाली घेऊन आणि मूठ आवळून असे दोन्ही प्रकार रेकॉर्ड करून ऐकवा, सांगत बसण्यापेक्षा ते लवकर पटतं.

आता पब्लिकचे माईक. माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथे घालावं, आणि बहुतेक बँड इथेच दोन उरलेले माईक कुठेतरी टांगून मोकळे होतात. पहिली जोडी स्टेजच्या दोन कोपऱ्यांत, पीएच्या स्पीकरच्या रेषेमागे, तोंड पब्लिककडे, जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच. छोटे शॉटगन किंवा हायपरकार्डिऑइड कंडेन्सर. उंची हवीच, नाहीतर पहिल्या रांगेतला एकच उत्साही मुलगा संपूर्ण अल्बमभर तुमचा पब्लिक होऊन बसतो. दुसरी जोडी मिक्सरपाशी, हॉलच्या मागच्या भागात; हिला खोली ऐकू येते. बारच्या काउंटरपासून लांब ठेवा, ग्लास आणि गप्पा अगदी बॅलडच्या मध्यात उमटतात. एसीच्या झोताखाली किंवा एक्झॉस्टजवळ नको. गेन गाण्याच्या हिशेबाने नव्हे, गाणं संपतं त्या क्षणाच्या गर्जनेच्या हिशेबाने लावा.

मागची जोडी स्टेजपासून १५ मीटरवर असेल तर आवाज तिथे सुमारे ४३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तशीच मिक्समध्ये टाकलीत तर प्रत्येक स्नेअर दोनदा वाजेल. ड्रमरच्या काउंटनंतरचा पहिला मोकळा स्नेअर दोन्ही ट्रॅकवर शोधा आणि मागचे ट्रॅक पुढे सरकवा. पण पूर्ण जुळवू नका, १० ते १५ मिलिसेकंदांचा उशीर राहू द्या. शून्यावर आणलं की खोली नाहीशी होते आणि क्लोज माईकशी (वाद्याला चिकटून ठेवलेल्या) भांडण सुरू होतं. या ट्रॅकवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा.

मिक्सिंगला किक सोलो करून सुरुवात करायची सवय इथे सोडा. आधी ओव्हरहेड आणि पब्लिकच्या दोन्ही जोड्या वर आणा. एवढ्यावरच बँड ओळखू आला पाहिजे. मग क्लोज माईक एकेक करून, जे कमी आहे तेवढंच भरत जा. सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले फटके, किक आणि स्नेअरच्या खाली आधाराला घातले तर हरकत नाही, मूळ फटक्याच्या जागी घातले की प्रत्येक ठोका सारखा होतो आणि ड्रमर थकतोय, पुन्हा पेटतोय, हे ऐकू येणं बंद होतं. गळ्याचा माईक ड्रमच्या समोर उघडा असतो, त्यावर दहा डीबीचं कम्प्रेशन लावलंत की दोन ओळींच्या मध्ये सिम्बल उसळतात. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) लावू नका, त्याने सिम्बलची जागा उड्या मारते. गाणं नसेल तिथे फेडर हाताने आठ-दहा डीबी खाली घ्या. कंटाळवाणं काम आहे, एका गाण्याला अर्धा तास जातो.

कृत्रिम हॉल रिव्हर्ब घालू नका. खोली तुमच्याकडे आहेच. लय कम्प्युटरच्या ग्रिडवर, म्हणजे सारख्या ठोक्यांवर, बसवणं हा तर गुन्हाच. थ्रॅश गाणं स्टेजवर चार-सहा बीपीएम पुढे पळतं, पळू द्या. बॅकिंग ट्रॅक नसतील तर क्लिक, म्हणजे कानातला तालाचा टिकटिक आवाज, हवाच का, हेही एकदा ड्रमरला विचारा.

पब्लिकचे फेडर शेवटच्या कॉर्डची शेपूट विरतानाच, एक-दोन सेकंदांत, चार ते सहा डीबी वर जावेत. कॉर्ड संपल्यावर वर गेले तर कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटतं. ट्यूनिंगची दीड मिनिटं कापून आठ-दहा सेकंदांवर आणा, जोड पब्लिकच्या आवाजात लपवा. दुसऱ्या कार्यक्रमातली गर्जना आणून चिकटवू नका. प्रत्येक गाणं फेड आउट करणं हे लाइव्ह अल्बमचं मरण. पूर्ण कार्यक्रम एक सलग फाइल म्हणून तयार करा आणि ट्रॅकच्या खुणा काउंटच्या जरा आधी टाका.

दुरुस्तीचं काय? ज्युडास प्रीस्टचा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ फेब्रुवारी १९७९ मध्ये टोकियोत रेकॉर्ड झाला, पण गळा स्टुडिओत पुन्हा गायला गेला, हे गायक रॉब हॅलफर्डने स्वतःच सांगितलं आहे. थिन लिझीच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’मध्ये स्टुडिओचा वाटा किती, यावर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँड यांचं कधीच पटलं नाही. गळा पुन्हा गायला तर माझी हरकत नाही, ड्रमला मात्र हात लावू नये. पण तांत्रिक अडचण अशी की ओव्हरहेड आणि पब्लिकच्या माईकमध्ये जुना गळा शिल्लक असतोच. नवी ओळ जुनीच्या फेकीशी तंतोतंत जुळली नाही तर मागून भूत गातं. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन रात्री रेकॉर्ड करा, तीच यादी, अॅम्पचे तेच नॉब, माईकच्या स्टँडखाली टेपच्या खुणा. बिघडलेली ओळ दुसऱ्या रात्रीतून उचला. क्लिक नसेल तर लय थोडी वेगळी असेल, म्हणून एक शब्द नव्हे, पूर्ण ओळ किंवा पूर्ण भाग उचला.

फेडरवर कोण बसणार, हेही आधी ठरवा, आणि एकच माणूस ठरवा. ब्लॅक सॅबथच्या ‘लाइव्ह इव्हिल’च्या मिक्सिंगवरून १९८२ साली इतकी धुसफूस झाली की गायक डिओ आणि ड्रमर विनी अॅपिस बाहेर पडले.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा एकूण आवाज ठरवताना, उणे १० लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वर जायची गरज नाही, ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे १. लिमिटर जास्त दाबलात तर गाण्यांच्या मधलं पब्लिक गाण्याइतकंच मोठं होतं आणि पुढचं गाणं सुरू होताना आवाज उलट बसल्यासारखा वाटतो. स्ट्रीमिंगवाले तसंही सगळं उणे १४ च्या आसपास खाली ओढतात.

पैसे मर्यादित असतील तर भारी ओव्हरहेड भाड्याने आणण्याच्या भानगडीत पडू नका. क्लबचे असतील ते माईक चालतील. आधी पब्लिकसाठी चार कंडेन्सर आणि उंच स्टँड घ्या, मग साउंड चेकसाठी हॉल एक तास जास्त मागा, आणि त्यानंतर काही उरलं तर दुसऱ्या रात्रीची तारीख.